नव्या गाडीचं इंजिन ऑइल घरी बघणं आणि भरणं: केव्हा, किती, कुठलं

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ९:१२

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. ऑइल बदलायचं अंतर बहुतेकांचं १० हजार किमी किंवा १ वर्ष, काही कंपन्यांचं १५ हजार. यात एक गोष्ट मागे पडली: मधल्या काळात गेज, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघणं. पूर्वी हवा भरायला थांबलं की बॉनेट आपोआप उघडलं जायचं, आता वर्षभर उघडत नाही. आणि या छोट्या तीन-चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांत मुळात ऑइलच साडेतीन लिटरच्या आसपास बसतं. त्यातलं एक लिटर गेलं तर पाव भागाहून जास्त गेलं. म्हणून हा धागा. इथं फक्त बघणं आणि वरून भरणं. ऑइल बदलणं, फिल्टर, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट यावर वेगळा धागा काढू, इथं मिसळ नको.

केव्हा: दर १,००० किमीला किंवा महिन्यातून एकदा, जे आधी येईल ते. गगनबावडा, आंबा, फोंडा असा कुठलाही घाट करायचा असेल तर आदल्या दिवशी.

जागा: सपाट. पेट्रोल पंपाची फरशी सपाट वाटते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. गोल बाटली आडवी ठेवून बघा, घरंगळली तर गाडी दुसरीकडं लावा. चेंबर लांबट असतो, नाक थोडं वर-खाली झालं तरी पट्टीवर पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

बघायची पद्धत: गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, बंद करा आणि ५ ते १० मिनिटं हात लावू नका. वर हेडमध्ये, टायमिंग चेनच्या खोलीत, कॅमशाफ्टवर जे ऑइल फिरत असतं ते खाली चेंबरात उतरायला एवढा वेळ लागतो. बंद केल्या-केल्या बघितलं की पातळी कमी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी वरच्या खुणेच्या वर. या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

पट्टीचं कडं पिवळं किंवा नारिंगी असतं. ओढून काढा, पुसा, परत पूर्ण आत ढकला, मग काढा आणि वाचा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते वाचू नका, चालत्या इंजिनात उडालेलं ऑइल पट्टीला वरपर्यंत माखलेलं असतं. वाचताना पट्टी आडवी धरा. टोक वर करून बघायची सवय बऱ्याच जणांना असते, त्यात ऑइल कड्याकडं ओघळतं आणि पातळी खोटी जास्त दिसते. दोन्ही बाजू बघा. एक बाजू नळीला घासून येते, तिच्यावर डाग लांबतो. जी बाजू कमी दाखवते ती खरी.

खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचं अंतर असतं, काही छोट्या इंजिनांत पाऊण लिटर. नक्की आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पातळी दोन खुणांमधल्या जाळीदार भागात कुठंही असली तर इंजिन खूश. वरच्या खुणेला टेकवायचा हट्ट नको.

भरताना एका वेळी २५० मिलीच्या वर नाही. ओता, पाच मिनिटं थांबा, परत बघा.

---

करवीर_०९ | शनिवार, रात्री ९:४०

भरण्याबद्दल थोडी भर. टोपणावर ऑइलच्या डब्याचं चित्र असतं, ते बघूनच उघडा. कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायपरचं पाणी यांची टोपणं शेजारीशेजारीच असतात, आणि वायपरच्या पाण्याच्या टाकीत ऑइल गेल्याचे प्रकार होतात. टोपण उघडायच्या आधी आजूबाजूची धूळ फडक्यानं पुसा, नाहीतर ती सरळ कॅमवर पडते.

एक लिटरचा डबा ओतताना तोंड खालच्या बाजूला येईल असा धरला की हवा आत जायला वाट राहत नाही आणि ऑइल भकाभका उसळून बाहेर सांडतं. डबा आडवा, तोंड वरच्या अंगाला. मग धार बारीक आणि सरळ पडते. नरसाळं नसेल तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून चालतो, पण ती आतून पूर्ण कोरडी पाहिजे.

मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांवर) दोन थेंब पडले तर तिथंच पुसा. नाहीतर पुढच्या फेरीत जळका वास येतो, धूर निघतो, आणि माणूस इंजिन गेलं म्हणून धावत सुटतो. जास्त सांडलं असेल तर मात्र गाडी थंड होईपर्यंत सुरूच करू नका.

---

पाचगाव_रोड | शनिवार, रात्री १०:०५

माझी अडचण वेगळी आहे. नवं ०डब्ल्यू-१६ ग्रेडचं (पातळ) ऑइल इतकं पाण्यासारखं स्वच्छ आहे की पट्टीवर रेघ दिसतच नाही. टोक प्लास्टिकचं आणि वर नारिंगी. ओलं कुठं संपतं हेच कळत नाही. पट्टीवर पॉलिश पेपर मारला तर?

---

घाटवळण | शनिवार, रात्री १०:३१

पॉलिश पेपर मारू नका भावा. खुणा पुसट होतात, आणि त्याची रेव खोबणीत राहिली तर ती थेट चेंबरात.

पांढरा टिश्यू पेपर मांडीवर किंवा एअर फिल्टरच्या डब्यावर पसरा. पट्टी काढली की ती आडवीच त्यावर हलकी टेकवा, दाबू नका, ओढू नका. कागदावर ओला डाग उमटतो. पट्टीच्या टोकापासून डाग किती लांब गेला ते खुणांशी ताडून बघा. दिवसाउजेडी बघत असाल तर पट्टी तिरपी धरा, ओल्या भागावर चमक येते, कोरड्यावर येत नाही. मोबाइलची बॅटरी समोरून मारण्यापेक्षा बाजूनं मारा.

पुसायला जुन्या टॉवेलचा तुकडा घेऊ नका, त्याचे धागे सुटतात. जुन्या सुती धोतराचं, साडीचं फडकं झकास.

---

कळंबाकर | रविवार, सकाळी ७:२०

गरम बघायचं की थंड, यावर गॅरेजवाल्यांत आणि मॅन्युअलांत दोन्ही मतं आहेत. काही कंपन्या गरम करून थोडं थांबा म्हणतात, काही सकाळी सुरू करायच्या आधी बघा म्हणतात. आपल्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते धरा, कारण पट्टीवरच्या खुणा त्या पद्धतीनुसार कोरलेल्या असतात.

फरक किती पडतो याचा हिशोब: ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. सकाळचं २५ अंशांचं ऑइल ८५ अंशांवर गेलं, म्हणजे ६० अंशांचा फरक. साडेतीन लिटरवर हे जवळपास १५० मिली होतं. उलट रात्रभर उभ्या गाडीत थेंबन् थेंब खाली उतरलेला असतो, त्यामुळं थंडीतली पातळी तितकी कमी दिसत नाही. दोन्ही एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. महत्त्वाचं एवढंच की दर वेळी एकाच पद्धतीनं आणि एकाच जागी बघा. एकदा गरम, एकदा थंड, एकदा उतारावर असं बघून 'गाडी ऑइल खाते' म्हणण्यात काही अर्थ नाही.

---

राजारामपुरीची | रविवार, सकाळी ८:०२

नव्या गाड्यांबाबत एक सावधगिरी वर कुणीच लिहिली नाही.

स्ट्राँग हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्हीवर चालणारी) गाडी 'रेडी' असताना इंजिन बंद दिसतं, आवाज नसतो, पण बॅटरी उतरली की ते स्वतःहून सुरू होतं. हात बेल्टजवळ असताना झालं तर बोटं जातील. म्हणून आधी पॉवर बटण दाबून गाडी पूर्ण बंद करा आणि स्मार्ट चावी गाडीपासून लांब ठेवा. सिग्नलला बंद पडणाऱ्या स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांनाही हेच लागू. आणि रेडिएटरचा पंखा बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही फिरू शकतो. ओढणी, मफलर, गळ्यातलं लॉकेट सांभाळा.

हायब्रिडमध्ये आणखी एक. गाडी अर्धा तास चालली म्हणजे इंजिन अर्धा तास चाललं असं नाही. गावात बऱ्याचदा ते निम्म्याहून कमी वेळ चालतं. त्यामुळं 'गरम करून बघा' म्हणजे कूलंट नेहमीच्या तापमानावर आलं आहे याची खात्री करून बघा.

ज्या गाड्यांना पट्टीच नाही, म्हणजे जर्मन महागड्या गाड्यांतली काही मॉडेल, त्यांत पातळी पडद्यावरच्या मेनूत बघावी लागते. तिथं इंजिन ठरावीक तापमानावर, गाडी सपाट जागी आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबायची तयारी पाहिजे. भरल्यावर लगेच आकडा बदलत नाही म्हणून परत ओतू नका.

---

मिसळ_कट | रविवार, सकाळी ९:१५

आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? ०डब्ल्यू कशाला पाहिजे? सरळ जाड ५डब्ल्यू-३० टाकावं, आणि वरच्या खुणेच्या थोडं वर असलेलं बरं. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं.

---

उद्यमनगरी | रविवार, सकाळी १०:४८

दोन वेगळे मुद्दे आहेत, दोन्ही नीट घेऊ.

पहिला: 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटेही याचा फार संबंध नाही, तिथं तुमचं बरोबर आहे. पण खरा आकडा नंतरचा. तो १०० अंशांवरचा जाडपणा. १६ म्हणजे ६.१ ते ८.२ सेंटीस्टोक (जाडपणाचं माप), २० म्हणजे ६.९ ते ९.३, ३० म्हणजे ९.३ ते १२.५. कोल्हापुरातला उन्हाळा असो नाहीतर युरोपातली थंडी, इंजिन तापलं की आतलं ऑइल शंभरच्या आसपासच जातं, त्यामुळं 'आपल्याकडं उन्हाळा म्हणून जाड' हे गणित इथं लागू होत नाही. बेअरिंगच्या फटी, ऑइल पंपाची क्षमता, व्हीव्हीटीची (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) बारीक भोकं हे सगळं ठरावीक जाडपणा धरून बेतलेलं असतं. जाड ऑइलनं इंजिन लगेच मरत नाही. मायलेज थोडं पडतं, कधी व्हीव्हीटीचा एरर येतो आणि वॉरंटीत वाद होतो. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० पर्याय म्हणून दिलं असेल तर खुशाल टाका. नसेल तर रस्त्यात अडल्यावर अर्धा लिटर चालतं, तेवढंच.

दुसरा: जास्त भरलेलं कमी भरल्याइतकंच वाईट. पातळी वर गेली की क्रँकशाफ्टचे वजनी भाग ऑइलात बुडतात आणि रवी फिरवल्यासारखं ते घुसळतात. ताकावर फेस येतो तसा फेस. फेस म्हणजे हवा, पंप ती ओढतो, बेअरिंगला ऑइलऐवजी बुडबुडे मिळतात. उरलेलं ऑइल पीसीव्हीच्या (चेंबरातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये जातं, जळतं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतं. वरच्या खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर घाबरायचं कारण नाही. बोटभर वर असेल तर काढून घ्या.

पंचगंगेच्या पुराला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी असते ना? पट्टीला फरक एवढाच की धोका वरही आहे आणि खालीही.

---

मिसळ_कट | रविवार, सकाळी ११:०५

बरं राव, पटलं. मग जास्त झालेलं काढायचं कसं? नट ढिला करून?

---

घाटवळण | रविवार, दुपारी १२:१०

घरी नट ढिला करू नका. गरम ऑइल हातावर येतं, वायसर एकदा दबलेला असतो तो परत नीट बसत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जास्त आवळून गेले की खर्च वेगळाच.

६० मिलीची सिरिंज आणि तिला लावायला बारीक लवचीक नळी, दोन्ही औषधांच्या दुकानात मिळतात. नळी पट्टीच्या भोकातून तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोटभर वर घ्या आणि ओढा. नळी घट्ट बसली पाहिजे, आत सुटून पडली तर चेंबर उतरवावा लागेल. ऑइल कोमट असताना सोपं जातं, थंड असलं की सिरिंज ओढताना हात दुखतो. चार-पाच वेळा ओढलं की २५० ते ३०० मिली निघतं. काही गाड्यांत नळीला मध्येच वळण असतं, तिथं जोर लावू नका, गॅरेजमध्ये सक्शन पंप असतो.

सर्व्हिसिंग करून गाडी आणली की दुसऱ्या दिवशी पातळी बघाच. नव्या फिल्टरमध्ये २०० ते ३०० मिली ऑइल बसतं. ऑइल ओतून इंजिन न फिरवताच पट्टी बघितली तर 'फुल' दिसतं, इंजिन फिरल्यावर फिल्टर भरतो आणि पातळी खाली येते. बरेचदा गॅरेजमध्ये ऑइलच्या बंदुकीनं ठरावीक लिटर सोडतात, मग जुनं पूर्ण निथळलं नसेल तर उलट जास्त होतं.

---

डिझेलअण्णा | रविवार, दुपारी ३:३०

बीएस-६ डिझेलवाल्यांनी हे ध्यान देऊन वाचा. तुमच्याकडं पातळी कमी होण्यापेक्षा *वाढण्याची* भीती जास्त.

डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठली की गाडी ती जाळायला घेते. त्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा, जादाचं डिझेल मारलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांच्या खाली चेंबरात उतरतं. लांब पल्ल्यावर ही प्रक्रिया एका दमात पूर्ण होते. गावात महाद्वार रोडला गेलं, भाजी घेतली, परत आलं, असं चाललं की ती अर्ध्यात तुटते, परत सुरू होते, परत तुटते. प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑइलात. आणि डिझेल सहजासहजी उडून जात नाही.

म्हणून महिन्याच्या नोंदीत पातळी *वर* सरकत असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ वाटत असेल, बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर वरून भरणं सोडा, ऑइल बदलूनच घ्या. किमी पूर्ण झाले नसले तरी. आठवड्यातून एकदा शिरोलीतून हायवेला लागून किणी टोलच्या बाजूला वीस मिनिटं एकसारख्या वेगानं चालवा, साठच्या वर, मधे बंद न करता. बहुतेक काजळी जळते.

काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ऑइल बदलल्यावर शंभर किमीतच काळं होतं, ती काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. सीएनजीवाल्यांचं उलटं: ऑइल वर्षभर सोनेरी दिसतं पण आतून थकलेलं असतं. रंगावर जाऊ नका, किमी आणि महिन्यांवर जा.

---

कळंबाकर | रविवार, संध्याकाळी ६:१४

अण्णांना +१. पेट्रोलमध्येही हाच खेळ आहे, पण वेगळ्या रंगात, म्हणून लिहितो.

ऑइल गरम व्हायला कूलंटपेक्षा जास्त वेळ लागतो, दहा-पंधरा किमी तरी. तीन-चार किमीच्या फेऱ्यांत ते कधी पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात जास्त पेट्रोल मारलं जातं, थोडं खाली उतरतं, विशेषतः टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये. म्हणजे एकीकडं ऑइल थोडं जळतंय आणि दुसरीकडं पेट्रोल भर घालतंय. पट्टी तीन महिने जागची हलत नाही. मग सांगलीपर्यंत एक लांब फेरी होते, ऑइल नीट तापतं, पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम पाव-अर्धा लिटर खाली. 'हायवेनं ऑइल खाल्लं' असं वाटतं. हायवेनं काही खाल्लेलं नसतं, आधीच खाल्लेलं उघडं पडलेलं असतं. म्हणून गावातच फिरणाऱ्या गाडीची पातळी लांबच्या फेरीनंतर बघितली तरच खरी.

---

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ८:०९

टोपणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा लोण्यासारखा थर दिसतो. पट्टी स्वच्छ आहे, कूलंट जागचं हललेलं नाही. हेड गास्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं का?

---

उद्यमनगरी | रविवार, रात्री ८:५५

बहुधा नाही. पट्टी स्वच्छ, कूलंट जागेवर आणि थर फक्त टोपणाखाली, तर ते दमटपणाचं पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये, आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीला, हे दिसतंच. टोपण इंजिनाचा सगळ्यात थंड भाग, वाफ तिथं जाऊन बसते. पुसून टाका, एक लांब फेरी मारा, परत बघा.

पट्टीवरच ऑइल दुधाळ, कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आणि कूलंट उतरतंय, असं असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका. पांढरा रस्सा ताटात बरा, चेंबरात नाही.

---

राजारामपुरीची | रविवार, रात्री ९:२०

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीलाही तेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या. पाणी ओसरलं की पहिला मोह चावी फिरवायचा असतो. फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पट्टी बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा. पट्टी वरच्या खुणेच्या वर किंवा ऑइल दुधी, किंवा फिल्टर ओला, यातलं एक जरी असलं तरी टोइंगच. पट्टी स्वच्छ दिसली म्हणून आत पाणी नाही असं होत नाही. ते जड असतं, तळाला बसतं, पट्टीचं टोक तिथवर पोचत नाही.

---

करवीर_०९ | सोमवार, सकाळी ८:३०

दिव्यांबद्दल थोडक्यात. पाना किंवा 'सर्व्हिस ड्यू' म्हणजे नुसती आठवण. पिवळा ऑइलचा दिवा असेल तर बहुतेक गाड्यांत पातळी कमी: थांबून बघा, भरा. लाल ऑइलचा डबा म्हणजे *दाब* गेला. तो पातळीचा दिवा नाही, आणि कित्येक गाड्यांत पातळीचा दिवाच नसतो. लाल पेटला की सुरक्षित जागी लगेच थांबा आणि इंजिन बंद. 'पुढच्या पंपापर्यंत' नाही. पातळी नीट असूनही लाल पेटत असेल तर ऑइलचा पंप, त्याची जाळी, सेन्सर, काहीही असू शकतं, गाडी उचलूनच न्या.

करूळ घाटाच्या वळणांवर लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि सरळ रस्त्यावर गेला, तर पातळी खूप खाली आहे. वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि हवा ओढते. 'सेन्सर खराब' म्हणून सोडून देऊ नका.

---

पाचगाव_रोड | सोमवार, सकाळी ९:१०

डब्यावर नेमकं काय वाचायचं? आणि दुसऱ्या कंपनीचं मिसळलं तर फाटतं म्हणतात.

---

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी १०:२५

दुधासारखं फाटत नाही. एपीआयच्या (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) मान्यतेची इंजिन ऑइल एकमेकांत मिसळतात, तशी अटच आहे. ब्रँड वेगळा चालेल, ग्रेड आणि दर्जा तोच ठेवा.

पेट्रोलला: मॅन्युअलमधली ग्रेड, आणि एपीआय एसपी किंवा त्याच्या नंतरचं एसक्यू. टर्बो असेल तर हे महत्त्वाचं, कारण कमी आरपीएमवर जोर देताना अवेळी पेट घेऊन पिस्टन फोडणारा जो प्रकार असतो त्याची चाचणी एसपीत आहे. चाळीसच्या वेगात पाचवा गिअर टाकून दाबायची सवय असेल तर आधी ती सोडा, मग ऑइल.

डीपीएफच्या डिझेलला: कमी राखेचं ऑइल. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२, सी३ असं काहीतरी, मॅन्युअल सांगेल तेच. ट्रक-ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० स्वस्त मिळतं म्हणून टाकू नका. काजळी जळते, राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

ज्यांच्यात टायमिंग बेल्ट ऑइलात बुडून चालतो त्यांनी तर मॅन्युअलच्या बाहेर एक थेंबही नको. चुकीच्या ऑइलनं रबर सुटतं आणि पंपाची जाळी तुंबते.

मोटारसायकलचं ऑइल गाडीत नको. ते ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं, घर्षण कमी करणारी द्रव्यं त्यात मुद्दाम टाळलेली असतात.

---

मिसळ_कट | सोमवार, दुपारी १:००

वॉरंटीतल्या गाडीनं किती खाल्लं तर तक्रार करायची?

---

कळंबाकर | सोमवार, दुपारी २:४०

कंपन्यांनी स्वतःसाठी भरपूर जागा ठेवलेली असते. मॅन्युअलांत १,००० किमीला अर्ध्या लिटरपासून १ लिटरपर्यंत 'सामान्य' असं लिहिलेलं सापडतं. चांगलं नवं पेट्रोल इंजिन प्रत्यक्षात ५,००० किमीत पाव लिटरही खात नाही. पहिल्या काही हजार किमीत रिंगा बसेपर्यंत थोडं जास्त जाऊ शकतं.

तक्रारीला वजन यायला नोंद पाहिजे. तारीख, किमी, पातळी (खालच्या खुणेपासून किती मिलिमीटर), किती मिली टाकलं, कुठलं. पट्टीचा फोटो आणि मीटरचा फोटो एकापाठोपाठ काढा. ऑइलचं बिल जपून ठेवा, ग्रेड त्याच्यावर लिहिलेली असू दे. मग सर्व्हिस सेंटरला ऑइल कन्झम्प्शन टेस्ट लेखी मागा: ते पातळी वरच्या खुणेला आणून टोपण सील करतात, १,००० किमी चालवून परत बोलावतात आणि मोजतात. सील असताना स्वतः भरू नका, टेस्ट रद्द होते.

त्याआधी गळती नाही ना बघा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरा. तपकिरी-काळा डाग ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा, साधं पाणी एसीचं. चेंबर खालून दगडाला किंवा गतिरोधकाला घासला असेल तर खालचं प्लास्टिक कव्हर ऑइल धरून ठेवतं आणि पुठ्ठा कोरडाच राहतो. कव्हरच्या भोकांकडं बोट लावून बघा.

---

पाचगाव_रोड | सोमवार, संध्याकाळी ७:३५

ऑइल भरल्यापासून आयडलिंगला गाडी थरथरते आणि चेक इंजिनचा दिवा आलाय. ३०० मिलीच टाकलं, पातळी मध्यावर आहे.

---

घाटवळण | सोमवार, संध्याकाळी ७:५०

टोपण आणि पट्टी बघा. टोपण पाव फेरा कमी फिरलं किंवा पट्टी पूर्ण दाबली गेली नाही की तिथून न मोजलेली हवा इंजिनात जाते, नव्या इंजिनांना ते लगेच कळतं. टोपणाचं रबर जागेवर आहे का, दुमडलंय का तेही बघा.

---

पाचगाव_रोड | सोमवार, रात्री ८:०५

पट्टी अर्धा इंच वर होती. दाबली, थरथर गेली. दिवा आहे अजून.

---

घाटवळण | सोमवार, रात्री ८:१२

दोन-चार फेऱ्यांत आपोआप जाईल. आठवड्यानं राहिला तर स्कॅनरवर कोड बघून घ्या.

---

राजारामपुरीची | सोमवार, रात्री ९:००

सिरिंजनं काढलेलं ऑइल गटारीत ओतू नका कुणी. गटार जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला. ते जुन्या डब्यात भरून, झाकण लावून ज्या गॅरेजचं जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरकडं जातं तिथं द्या, ते घेतात. उरलेलं नवं ऑइल मात्र झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा, डब्यावर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा. डिकीत ठेवणार असाल तर उभंच, आणि प्लास्टिकच्या पिशवीत.